पाचव्या मिनिटाला मोटर कशी आहे? टायमिंग, गिअरिंग आणि स्पीड कंट्रोलर लावण्याची माझी पद्धत

आरसी रेसिंगमध्ये, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत, नवा आलेला प्रत्येक जण पहिल्याच महिन्यात विचारतो, "टायमिंग किती ठेवू?" टायमिंग म्हणजे मोटरच्या वेटोळ्यांत करंट किती अंश आधी सोडायचा, सविस्तर खाली येतंच. मीही विचारलं होतं. कुणीतरी "चाळीस" म्हणालं आणि मी अख्खा सीझन चाळीसवर काढला. गाडी कधी सुसाट पळायची, कधी तिसऱ्या मिनिटाला दमायची. मी टायर बदलले, बॅटरी बदलली, शॉकचं तेलसुद्धा बदललं. चाळीस हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. पिनियनला, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरला, दात किती, ट्रॅक केवढा आणि रेस संपल्यावर मोटर किती तापली, हे सोबत असेल तरच त्याला अर्थ येतो. हे मला एक रोटर गमावल्यावर कळलं. तो प्रसंग पुढे सांगतो.

खाली जे लिहितोय ते १:१० टूरिंग कार आणि बगीत बसणाऱ्या ५४० आकाराच्या, सेन्सर असलेल्या मोटरसाठी आहे. २एस लायपो (दोन सेलची लिथियम बॅटरी), साडेसतरा किंवा साडेतेरा टर्न (वेटोळ्यातले तारेचे वेढे), आणि पाच मिनिटांची रेस. माझे सगळे प्रयोग याच गाड्यांवर झालेत.

आत काय चाललंय

ब्रशलेस मोटरमध्ये तारांची वेटोळी बाहेरच्या कॅनला धरून स्थिर असतात आणि मधला चुंबक, म्हणजे रोटर, फिरतो. वेटोळ्यांचे तीन फेज असतात: ए, बी, सी. एंडबेलच्या, म्हणजे मोटरच्या टोकाच्या झाकणाच्या, आत एक छोटा सेन्सर बोर्ड असतो आणि त्यावर चुंबक ओळखणारे तीन हॉल सेन्सर. रोटर या क्षणी कुठे आहे हे ते ईएससीला (स्पीड कंट्रोलरला) सांगत राहतात, आणि त्यावरून कोणत्या दोन तारांत करंट सोडायचा हे ईएससी ठरवतो.

आता टायमिंग. वेटोळ्यात करंट सोडला की तो लगेच पूर्ण चढत नाही, थोडा वेळ घेतो. मोटर हळू फिरत असेल तेव्हा हा वेळ जाणवत नाही. पण मिनिटाला वीस हजार फेरे होत असताना करंट चढेपर्यंत रोटर पुढे निघून गेलेला असतो. मग उपाय एकच, करंट थोडा आधीच सोडायचा. वेगवान बॉलरला खेळताना बॅट आधी उचलावी लागते, तसं. हे 'आधी' किती, ते अंशांत मोजतात. एंडबेल फिरवली की सेन्सर बोर्ड फिरतो, आणि सेन्सर ईएससीला रोटरची जागा थोडी लवकर सांगू लागतात. एंडबेलवरच्या खुणा त्यासाठीच असतात.

५४० मोटरच्या रोटरला दोन पोल असतात, म्हणून एंडबेलचा एक अंश म्हणजे विजेच्या हिशोबातही एकच अंश. १:८ गाड्यांच्या चार पोलच्या मोटरमध्ये तोच एक अंश दुप्पट होतो. एका मोटरचे आकडे दुसऱ्या प्रकारच्या मोटरला लावू नका, असं मी सारखं सांगतो ते यामुळे. इतकंच काय, दोन वेगळ्या कंपन्यांच्या साडेसतराच्या मोटरवरच्या 'चाळीस'च्या खुणासुद्धा जुळतीलच असं नाही, कारण सेन्सर बोर्ड मुळात कुठे बसवलाय आणि शून्य कुठून धरलंय हे प्रत्येकाचं वेगळं असतं. एंडबेलवरचा आकडा ही तुमच्या मोटरपुरती खूण समजा.

टायमिंग वाढवलं की वरचे आरपीएम वाढतात, पण प्रत्येक अँपिअरमागे मिळणारा टॉर्क कमी होतो आणि उष्णता वाढते. आणखी एक, ही आघाडी एकाच दिशेची असते. मोटर उलटी फिरवली की तेच अंश मागे पडतात. टायमिंग लावलेली गाडी रिव्हर्समध्ये मंद चालते आणि तापते ती त्यामुळे. पोरांना गाडी खेळायला दिलीत तर रिव्हर्स बंद करूनच द्या.

जोडणी आणि सेन्सरची तार

सेन्सर असलेल्या मोटरला ए ला ए, बी ला बी, सी ला सी अशीच जोडणी लागते. सेन्सर नसलेल्या मोटरच्या कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या तर ती फक्त उलटी फिरते. इथे तसं केलं तर मोटर थरथरते, भरमसाट करंट ओढते आणि ईएससी जाऊ शकतो. मोटर उलट्या बाजूला बसणाऱ्या काही गाड्यांत ए आणि सी ची अदलाबदल करावी लागते, पण ती ईएससीच्या सेटिंगमध्ये तशी सोय असेल तरच, आणि आधी सेटिंग बदलून.

सोल्डर करताना मोठ्या टोकाचं, भरपूर गरम इस्त्रीसारखं पसरट सोल्डरिंग आयर्न वापरा आणि काम दोन-तीन सेकंदांत उरका. बारीक टोकाच्या आयर्नने वीस सेकंद टॅब तापवत बसलं तर ती सगळी उष्णता आतल्या वेटोळ्याकडे आणि सेन्सर बोर्डाकडे जाते. तार आणि टॅब दोन्हीवर आधी वेगवेगळं सोल्डर चढवून घ्यायचं, मग तार टॅबवर धरून एकदाच वितळवायचं. जोड चकचकीत दिसला पाहिजे. ईएससीच्या बॅटरी तारांवरचा कपॅसिटर काढलात तर परत लावताना उणे-अधिक दोनदा बघा.

सेन्सरच्या तारेला सहा पिना असतात. एक ग्राउंड, तीन हॉल सेन्सरच्या, एक तापमानाची आणि एक पाच व्होल्टची. ही तार बारीक आणि दुर्लक्षित, पण निम्म्या तक्रारींचं मूळ तिच्यात निघतं. एकदा माझी गाडी जागेवरून सुटताना अडखळायला लागली. थ्रॉटल दिला की चाकं आधी थरथरायची, मग पळायची. मोटर बदलली, तेच. ईएससी बदलला, तेच, कारण तार मी दर वेळी तीच उचलून लावत होतो. शेवटी ती बोटांत धरून प्लगजवळ वाकवली तेव्हा दिसलं. प्लॅस्टिक शाबूत होतं, पण पांढऱ्या तारेचा आतला गाभा प्लगमध्ये शिरतो तिथेच तुटला होता. सरळ धरली की जोड लागायचा, वाकली की तुटायचा. तेव्हापासून डब्यात दोन नव्या तारा कायम असतात, आणि अडखळणाऱ्या गाडीत मी पहिल्यांदा तार बदलतो. बसवताना तार पिनियनपासून आणि बेल्टपासून दूर ठेवा, आणि प्लगजवळ ताण येणार नाही इतकी सैल सोडा.

कॅलिब्रेशन: हे टाळलं तर पुढचं सगळं वाया

पिनियन काढून ठेवा, किंवा किमान चारही चाकं अधांतरी असू द्या. रिमोटवर थ्रॉटलचा ट्रिम शून्यावर, एंडपॉइंट (ट्रिगर पूर्ण ओढल्यावर किती टक्के हुकूम जातो तो आकडा) दोन्ही बाजूंना १०० वर, एक्स्पो (ट्रिगरची सुरुवात मऊ करणारी सेटिंग) आणि एबीएस बंद. मग ईएससीच्या सेट बटनाने न्यूट्रल, पूर्ण थ्रॉटल, पूर्ण ब्रेक असे तीन बिंदू द्या.

त्यानंतर एक गोष्ट बघा, जी बरेच जण बघत नाहीत. ट्रिगर हळूहळू ओढत शेवटपर्यंत न्या आणि ईएससीचा दिवा बघा. पूर्ण थ्रॉटलला दिवा बदलतो. तो ट्रिगर टेकायच्या अगदी शेवटच्या टप्प्यात बदलायला हवा. बदललाच नाही तर ईएससीला तुम्ही पूर्ण थ्रॉटल देताय हे कळतच नाही. तुमची गाडी कायम पंचाण्णव टक्क्यांवर धावते आणि टर्बो, म्हणजे फक्त पूर्ण थ्रॉटलला मिळणारं जादा टायमिंग, तर सुरूच होत नाही. मी नवशिक्यांच्या गाड्या तपासतो तेव्हा हा दोष मला पुन्हा पुन्हा सापडतो, आणि तो काढला की काहीही न बदलता गाडी पळायला लागते.

लो व्होल्टेज कटऑफ सेलमागे ३.२ व्होल्ट, म्हणजे २एस ला ६.४ ठेवा. पाच मिनिटांच्या रेसमध्ये चांगली बॅटरी तिथवर जातच नाही. सरावात विसरून पळवत राहिलात तर मात्र हाच आकडा बॅटरी वाचवतो.

गिअरिंग: वेळ इथे घालवा

माझं मत ठाम आहे: स्टॉक क्लासमध्ये, म्हणजे सगळ्यांना ठरलेल्या टर्नचीच मोटर लावावी लागते त्या गटात, टायमिंगपेक्षा गिअरिंगला दुप्पट वेळ द्या. हिशोब सोपा आहे. स्पर गिअरच्या, म्हणजे पिनियन ज्याला फिरवते त्या मोठ्या गिअरच्या, दातांना पिनियनच्या दातांनी भागा आणि गाडीच्या आतल्या रेशोने गुणा. माझ्या टूरिंग कारचा आतला रेशो १.९. स्पर ९६, पिनियन ४८. ९६ भागिले ४८ म्हणजे २, गुणिले १.९ म्हणजे ३.८. हा फायनल ड्राइव्ह रेशो. चाक एकदा फिरतं तेव्हा मोटर ३.८ वेळा फिरते.

हा आकडा जमिनीवर काय करतो ते बघा. माझा टायर ६३ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे परीघ सुमारे १९८ मिलिमीटर. १९८ ला ३.८ ने भागलं की ५२. मोटरच्या एका फेऱ्यात गाडी ५२ मिलिमीटर पुढे जाते. मोटर वीस हजारांवर असेल तर ताशी साधारण ६२ किलोमीटर. पिनियन ४९ केली की रेशो ३.७२ होतो, ४७ केली की ३.८८. एका दातामागे दोन टक्के. पिनियनचे दात वाढले की रेशोचा आकडा उतरतो आणि त्यालाच गिअरिंग वाढवणं म्हणतात. फोमचे टायर झिजत जातात, म्हणून फोमवर पळणारे लोक रेशोऐवजी हा 'एका फेऱ्यात किती मिलिमीटर' आकडाच धरतात. टायर झिजला की तेवढाच राहावा म्हणून पिनियनचा दात वाढवतात.

कुठून सुरुवात करायची? साडेसतराच्या मोटरला, बूस्ट (ईएससीने दिलेलं जादा टायमिंग) नसताना, मध्यम ट्रॅकवर मी ४.० पासून सुरू करतो, साडेतेराला ४.८ च्या आसपास. मुद्दाम सुरक्षित बाजूने. मग कानाने ऐकतो. सर्वांत लांब स्ट्रेटच्या शेजारी उभं राहा आणि मित्राला गाडी चालवायला सांगा. कोपऱ्यातून बाहेर पडताना मोटरचा स्वर चढायला लागतो. तो चढत चढत स्ट्रेटच्या मध्यावरच सपाट झाला आणि उरलेलं अंतर तसाच राहिला, तर गिअरिंग खूप कमी आहे, मोटर आपल्या टोकाला पोचून बसलीय. पिनियनला दात वाढवा. ब्रेक मारायच्या क्षणापर्यंत स्वर अजून चढतच असेल, तर गिअरिंग जास्त आहे. मोटरला कुठेच मोकळं धावता येत नाही, ती अख्खी रेस करंट ओढत राहते. मला स्वर स्ट्रेटच्या शेवटच्या पाचव्या हिश्शात सपाट झालेला हवा असतो. छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर मी आणखी एक दात कमी करतो, कारण तिथे वेग कोपऱ्यातून सुटताना मिळतो.

पिनियन बदलली की मेश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली फट, पुन्हा बसवायची. वहीच्या कागदाची बोटभर पट्टी दोन्ही गिअरच्या मधून फिरवा, मोटर स्परकडे दाबून धरा, स्क्रू घट्ट करा, पट्टी काढा. मग स्परच्या पाच-सहा वेगवेगळ्या जागी बोटाने हलवून बघा. स्पर थोडासा हलला पाहिजे आणि पिनियन जागेवर राहिली पाहिजे, सगळीकडे सारखंच. स्पर पूर्ण गोल नसतो, एका बाजूला घट्ट लागतो. सर्वांत घट्ट जागा शोधून तिथे मेश लावा. घट्ट मेश मोटरला सतत ओढत राहते, आणि तापमान का वाढलं हे शोधण्यात तुमची दुपार जाते.

टायमिंग लावताना

गिअरिंग साधारण बसलं की टायमिंगकडे या. माझ्याकडे मोटर अॅनालायझर आहे, म्हणजे मोटर टेबलावर ठराविक व्होल्टेजला फिरवून आरपीएम आणि अँपिअर दाखवणारं यंत्र. ते नसलं तरी काम होतं, फक्त ट्रॅकवर जास्त फेऱ्या माराव्या लागतात.

एंडबेलचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा, पूर्ण नाही. ३० वर ठेवून मोटर मोकळी फिरवा, दोन्ही आकडे लिहा. मग दोन-दोन अंशांनी पुढे जा. सुरुवातीला आरपीएम छान वाढतात आणि अँपिअर थोडे. पुढे एक जागा येते जिथे आरपीएमची वाढ मंदावते आणि अँपिअर उड्या मारायला लागतात. त्या वळणाच्या किंचित अलीकडे मी पहिली खूण करतो, पेन्सिलीने कॅनवरच. माझ्या सध्याच्या साडेसतराला ती ३८ च्या आसपास आहे. तुमची वेगळी असेल. दर वेळी व्होल्टेज तेच ठेवा आणि मोटर थंड असतानाच मोजा, नाहीतर कालचा आकडा आणि आजचा आकडा एकमेकांशी बोलतच नाहीत.

टायमिंग पाच अंश वाढवलं तर पिनियनचा एक दात कमी करून ट्रॅकवर जा. दोन्ही एकदम वाढवायचे नाहीत. ही जोडी सोडली तर एका वेळी एकच गोष्ट बदला. टायमिंग, पिनियन आणि टायर अशा तीन गोष्टी एकदम बदलून लॅप दोन दशांशांनी सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कधीच कळणार नाही.

तापमान, आणि माझा गेलेला रोटर

इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत कॅनवर तो चुकीचा, बहुतेक वेळा कमी आकडा दाखवतो, म्हणून कॅनवर काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा आणि कायम तिथेच मोजा. गाडी ट्रॅकवरून उचलली की लगेच एकदा, आणि एका मिनिटाने पुन्हा. दुसरा आकडा जास्त येतो, कारण पंखा थांबलेला असतो आणि आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर येत असते. बरेच ईएससी सेन्सरच्या तारेतल्या तापमानाच्या पिनवरून रेसमधला सर्वाधिक आकडा नोंदवून ठेवतात, तोही बघा. कॅनवर ७० ते ७५ अंश सेल्सिअस मला चालतात. ८० च्या वर गेलं की मी एक दात कमी करतो, लॅप कितीही चांगला आला तरी.

याचं कारण असं. तांब्याचा विरोध अंशामागे साधारण ०.३९ टक्के वाढतो. वेटोळी २५ वरून ८५ वर गेली की विरोध जवळजवळ पाव हिश्शाने वाढलेला असतो, म्हणजे तोच करंट आता जास्त उष्णता करतो. रोटर निओडिमियम चुंबकाचा. तोही तापला की कमजोर होतो. मर्यादेत असेपर्यंत थंड झाल्यावर ताकद परत येते. मर्यादा ओलांडली की गेलेली ताकद परत येत नाही.

आता तो प्रसंग. क्वालिफाइंगच्या दुसऱ्या फेरीत मी दोन जागा मागे होतो. पिनियन ४८ वरून ५१ केली आणि टायमिंग ४० वरून ४७, दोन्ही एकदम. पहिली दोन मिनिटं गाडी माझ्या आयुष्यातली सर्वांत वेगवान होती. तिसऱ्या मिनिटाला कोपऱ्यातून सुटताना ती जड वाटायला लागली. पाचव्या मिनिटाचे लॅप पहिल्या मिनिटापेक्षा जवळजवळ सेकंदाने मागे. गाडी हातात घेतली तेव्हा जळक्या वार्निशचा वास आला. थर्मामीटरवर १०८.

घरी येऊन जुन्या सेटिंगवर मोटर टेबलावर फिरवली. आरपीएम पूर्वीपेक्षा जास्त आले! मला वाटलं मोटर 'मोकळी' झाली, सुधारली. पुढच्या रेसला तीच लावली. तळाला अजिबात जोर नाही, आणि ७० ऐवजी ८८ अंश. मग एका जुन्या रेसरने रोटर बाहेर काढायला लावला आणि त्याच्या गॉस मीटरवर, म्हणजे चुंबकाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, माझा रोटर आणि त्याचा नवा रोटर शेजारी शेजारी मोजले. माझा स्पष्ट कमजोर होता. त्याने समजावलं ते असं: चुंबक कमजोर झाला की मोटर मोकळी फिरताना जास्त वेगाने फिरते, कारण उलट निर्माण होणारं व्होल्टेज कमी होतं. पण टॉर्क कमी, करंट जास्त, आणि त्यामुळे अजून उष्णता. उष्णतेने चुंबक अजून कमजोर. टेबलावर आरपीएम आणि अँपिअर दोन्ही आपोआप वाढलेले दिसले, तर आनंद मानू नका, रोटर तपासा.

ट्यूनिंग जमलं की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: पहिल्या मिनिटाच्या आणि पाचव्या मिनिटाच्या लॅपमध्ये किती फरक आहे. बॅटरी उतरते तेवढा थोडा फरक राहणारच. तीन दशांशांच्या पुढे गेला तर मोटर तापतेय.

ब्लिंकीमध्ये ईएससीच्या सेटिंग

बहुतेक स्टॉक क्लास ब्लिंकी असतात. म्हणजे ईएससीने स्वतःहून एकही अंश टायमिंग द्यायचं नाही, आणि तसं आहे हे दाखवायला दिवा लुकलुकत राहतो. टेक इन्स्पेक्शनला तोच बघतात. मग हातात राहतात थोड्याच गोष्टी.

पंच म्हणजे थ्रॉटल दिल्यावर करंट किती झटकन सोडायचा. ग्रिप चांगली असेल तर पूर्ण ठेवा. धुळीच्या किंवा गुळगुळीत ट्रॅकवर बगीची मागची चाकं घसरत असतील तर कमी करा. ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी कमी असेल तर गाडी तळाला तीक्ष्ण वाटते, जास्त असेल तर मऊ, पण ईएससी थोडा जास्त तापतो. साडेसतराला मी कमी बाजूला राहतो, मॉडिफाइडला (कमी टर्नच्या, जास्त ताकदीच्या मोटरला) जास्त.

ड्रॅग ब्रेक, म्हणजे ट्रिगर सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक, टूरिंगमध्ये मी शून्य ठेवतो. स्टॉक मोटरमध्ये कोपऱ्यातून जाताना वेग टिकवणं हीच सगळी कमाई, ती ब्रेकने का घालवायची? टू व्हील ड्राइव्ह बगीत ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तिथे पाच ते दहा टक्के ठेवला तर थ्रॉटल सोडल्यावर नाक खाली बसतं आणि गाडी वळते. ब्रेकची एकूण ताकद ईएससीत पूर्ण ठेवून रिमोटच्या एंडपॉइंटने कमी करा, म्हणजे सरावात उभ्या उभ्या बदलता येते.

बूस्ट आणि टर्बो

क्लासचे नियम परवानगी देत असतील तरच हा भाग तुमच्यासाठी. बूस्ट म्हणजे आरपीएम वाढतील तसं ईएससीने वाढवत नेलेलं टायमिंग. समजा बूस्ट २० अंश, सुरुवात ८,००० आरपीएमला आणि शेवट १८,००० ला. मग दर हजार आरपीएममागे दोन अंश चढतात. सुरुवात खाली आणली तर कोपऱ्यातून सुटतानाच जोर येतो, पण तिथेच सर्वांत जास्त उष्णताही होते. गाडी कोपऱ्याच्या मध्यावर आपोआप ढकलल्यासारखी वाटली, तर सुरुवात हजार-हजारने वर न्या.

टर्बो फक्त पूर्ण थ्रॉटलला येतो, ठरवलेल्या उशिराने. तो स्ट्रेटसाठी. उशीर ०.२ सेकंद ठेवून सुरू करा. छोट्या दोन स्ट्रेटवर टर्बो लागतोय आणि लगेच सुटतोय असं झालं तर ०.३ करा, म्हणजे तो मुख्य स्ट्रेटलाच लागेल. टर्बो सुटतानाचा उतार फार तीव्र ठेवला तर ब्रेकच्या आधी गाडी अचानक बसते आणि मागचा भाग हलतो. तो मऊ ठेवा.

बेरीज विसरू नका. एंडबेल २५, बूस्ट २०, टर्बो १० म्हणजे एकूण ५५. एंडबेल ४० वर विसरून बूस्ट चालू केला की मोटर एका फेरीत जाते. म्हणून बूस्ट लावायच्या आधी एंडबेल खाली आणा, आणि गिअरिंगही बरंच खाली, म्हणजे रेशोचा आकडा वर. माझ्या साडेतेराला ब्लिंकीत ४.८ चालतो, बूस्टमध्ये मी ६.५ पासून सुरुवात करतो आणि एकेक दात वाढवत जातो. पहिली फेरी दोनच मिनिटांची. थांबा, तापमान बघा, ६० च्या आत असेल तर तीन मिनिटं. मग पूर्ण पाच.

देखभाल

चार-पाच रेस डेनंतर मोटर उघडा. बेअरिंग बोटावर फिरवून बघा, खरखर लागली तर बदला, नाहीतर एक थेंब पातळ तेल पुरे. दोन थेंब घातलेत तर तेल उडून सेन्सर बोर्डावर जाईल आणि धूळ धरून बसेल. रोटर दांड्याच्या रेषेत पुढे-मागे किती हलतो ते बघा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर पुरे, जास्त असेल तर शिम (पातळ वॉशर) घाला. शिम घालून रोटर स्टेटरच्या, म्हणजे स्थिर वेटोळ्यांच्या भागाच्या, मध्यावर येतोय ना हेही बघा. रोटरला चिकटलेला लोखंडाचा चुरा टेपने काढा. रोटर कधीच दुसऱ्या रोटरजवळ किंवा स्क्रूच्या डब्यात टाकू नका, आपटून कपचा उडतो.

माझ्या वहीतली गेल्या आठवड्याची एक ओळ जशीच्या तशी देतो, नमुना म्हणून: साडेसतरा, एंडबेल ३८, ९६/४८, पंच पूर्ण, ड्रॅग ०, कार्पेट, हवा २९ अंश. लगेच ६८, मिनिटाने ७३. पहिल्या मिनिटाचा सरासरी लॅप १४.२, पाचव्याचा १४.४. पुढच्या वेळी ४९ करून बघणे, टायमिंगला हात लावायचा नाही.